आजीचे ओठ आणि आजीचा आवाज: वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज जुळवायचं कसं?

आजचा भाग थोडा तांत्रिक आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलेला प्रश्न एकच: "दोन-तीन फोनवर शूट केलं, एडिट करायला बसलो, तर आवाज आणि ओठ जुळतच नाहीत. सुरुवातीला बरोबर असतं, पुढं पुढं बिघडत जातं. काय करू?"

मी हे सगळं पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझी स्वतःची फजिती झालीये, आणि तीही अशा ठिकाणी की जिथं परत शूट करणं शक्य नव्हतं. तेव्हा आधी ती गोष्ट सांगतो, मग उपाय. ऐकण्याऐवजी वाचत असाल तर एक सोय आहे, आकडे थांबून बघता येतील.

झालं असं की

माझं आजोळ वेल्ह्याकडं, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत. कागदोपत्री तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच. आजीकडं जुनं जातं आहे. दळण आता गिरणीतून येतं, पण आजी वर्षातून दोन-चारदा हौसेनं नाचणी दळायची आणि दळताना ओव्या म्हणायची. तिच्या आईकडून आलेल्या, काही सासूकडून आलेल्या, काही तिच्या स्वतःच्या. कुठं लिहिलेल्या नाहीत. मामी म्हणायची, "आत्यांच्या मागं ह्या कुणाला येणार? मला चार बी येत न्हाईत."

म्हणून दोन वर्षांपूर्वी आषाढात ठरवलं, रेकॉर्ड करू. माझा फोन आजीच्या समोर. भोरचा एक मित्र लग्नाची शूटिंग करतो, तो त्याचा कॅमेरा घेऊन आला आणि बाजूला उभा राहिला. मामेभावाचा फोन दारात, तिथनं सगळी खोली दिसत होती. शिवाय पॉडकास्टसाठी वापरतो तो छोटा रेकॉर्डर मी जात्याजवळ पाटावर ठेवला. आजीनं मूठ मूठ नाचणी वैरली, खुंटा धरला आणि सुरू झाली. २४ मिनिटं सलग. आम्ही तिघं गप्प उभे.

दिवाळीला मी एडिट करून घेऊन गेलो. मामाच्या टीव्हीवर लावलं. पहिल्या दोन ओव्या छान गेल्या. मग आजीचे ओठ हलायचे आणि आवाज दुसराच यायचा. शेवटी शेवटी तर ती तोंड मिटून धान्य वैरतेय आणि ओवी चालूच! पोरं हसायला लागली. आजी हसली नाही. म्हणाली, "ह्यो आवाज माझा न्हाय रं बाळा. माझं त्वांड कुठं, आन् आवाज कुठं."

मी म्हटलं, "आजी, पुन्हा करू की. उन्हाळ्यात येतो."

माघात तिला अर्धांगाचा झटका आला. आता ती बोलते, पण अडखळत. गाणं होत नाही. म्हणजे जे काही होतं ते त्या २४ मिनिटांतच होतं, चार यंत्रांत चार तुकड्यांत.

नशिबानं मूळ फायली मी डिलीट केल्या नव्हत्या. पहिला धडा तिथंच घ्या: एडिट झालं म्हणून ओरिजिनल उडवू नका.

ही का धडपड?

जात्यावरच्या ओव्या जपायचं मोठं काम आपल्याच भागात झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी १९८०च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांत हिंडून ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढं हे काम महाराष्ट्रभर पसरलं आणि ओव्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. नव्वदच्या दशकात बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. आता 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, हा ठेवा लोकांसमोर आणतंय, काही गाणाऱ्या बायांच्या व्हिडिओसकट.

त्या काळी असलं रेकॉर्डिंग करायला वेगळी मशीन आणि माहीतगार माणूस लागायचा. आज तुमच्या-माझ्या खिशात कॅमेरा आहे. पण चार खिशांतले चार कॅमेरे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि सगळी गोची तिथं आहे.

चार आजार आणि एक एसटी

मी सुरुवातीला समजत होतो की "आवाज जुळत नाही" हा एकच प्रॉब्लेम आहे. तो एक नाही, चार आहेत. दिसायला सारखे, पण औषध वेगळं. चुकीचं औषध दिलं तर आजार वाढतो.

स्वारगेटवरनं वेल्ह्याला निघालेली एसटी डोळ्यांसमोर आणा. वाटेत नसरापूर, मार्गासनी, विंझर आणि शेवटी वेल्हे.

पहिला प्रकार: गाडी स्वारगेटवरनंच दहा मिनिटं उशिरा सुटली, पण पुढं नेहमीच्या वेगानं गेली. नसरापूरला दहा मिनिटं लेट, विंझरला दहा, वेल्ह्याला दहा. याला म्हणतात ऑफसेट. तुम्ही एका फोनवर रेकॉर्डिंगचं बटण आधी दाबलं, दुसऱ्यावर नंतर, एवढंच. क्लिप सरकवली की काम झालं.

दुसरा प्रकार: गाडी वेळेवर सुटली, पण रोजच्यापेक्षा थोडी हळू चालली, सगळीकडं सारखीच हळू. नसरापूरला दोन मिनिटं लेट, मार्गासनीला तीन, वेल्ह्याला पाच. हा ड्रिफ्ट. फरक वाढत जातो, पण एकसारखा.

तिसरा प्रकार: हायवेला गाडी सुसाट, चेलाडी फाट्यावर वळली की रस्त्याप्रमाणं कधी हळू, कधी जोरात, कधी पुढं म्हशी. किती लेट होईल याचा काही नेम नाही. फोनच्या व्हिडिओत हे फार होतं. त्याचं नाव व्हेरिएबल फ्रेम रेट.

चौथा प्रकार: गाडी मार्गासनीपर्यंत अगदी वेळेवर. तिथं बंद पडली, मागच्या गाडीत बसवलं. वेळ एका जागी गेला, पुढं पुन्हा सगळं सुरळीत. हा जोडावरचा खड्डा, म्हणजे कॅमेऱ्यानं मध्येच फाईल तोडलेली असते.

माझ्या त्या एका व्हिडिओत हे चारही होते. मी मात्र सगळ्यांना एकच औषध देत होतो: सरकव, अजून सरकव.

हे होतं कशामुळं?

व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात ठरावीक फोटो, म्हणजे फ्रेम. आपल्याकडं टीव्हीची जुनी पद्धत २५ फ्रेमची, त्यामुळं इथले बरेच व्हिडिओवाले अजून २५ वर शूट करतात. फोन साधारण ३० वर. २५ मध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, ३० मध्ये सुमारे ३३ मिलिसेकंदांची. आवाजाचेही असेच तुकडे असतात, पण सेकंदाला ४८,००० किंवा ४४,१००.

इथं एक गैरसमज काढून टाकू. "एक कॅमेरा २५ चा आणि एक ३० चा, म्हणून आवाज सरकला" असं लोक म्हणतात. नुसत्या एवढ्यानं सरकत नाही. एक सेकंद हा दोघांकडंही एक सेकंदच असतो. एडिटिंगचं ॲप कमी पडलेल्या फ्रेम दोनदा दाखवतं आणि हिशेब जमवतं. तसंच ४४,१०० आणि ४८,००० चं. ॲप ते आपोआप बदलून घेतं. गडबड होते ती ॲपनं फाईलचा वेग चुकीचा वाचला तर. ४४,१०० चा आवाज ४८,००० समजून वाजवला तर तो जवळपास ९ टक्के जोरात पळतो आणि आवाज पातळ होतो, आजीची नात गातेय असं वाटतं. २९.९७ फ्रेमचा व्हिडिओ पुरता ३० समजला तर फरक हजारात एकाचा, पण एका मिनिटात ६० मिलिसेकंद आणि तासाभरात ३.६ सेकंद.

बरं, दोन यंत्रांचे आकडे अगदी सारखे असले तरी ड्रिफ्ट का होतो? कारण प्रत्येक यंत्रात स्वतःचं घड्याळ असतं, क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारं. घरातली दोन घड्याळं सकाळी एकत्र लावली तरी महिन्याभरात मिनिटाचा फरक पडतो की नाही? तसंच. माझा रेकॉर्डर आणि मित्राचा कॅमेरा सुरुवातीला तंतोतंत जुळले होते, २४ मिनिटांनंतर रेकॉर्डर दोन फ्रेम मागं होता. दोन फ्रेम म्हणजे ८० मिलिसेकंद. अठरा हजारांत एक एवढा फरक, पण ओठांवर दिसतो.

आता फोन. माझा फोन हा खरा गुन्हेगार, आणि त्याला कारण आपला पाऊस. फोन ऑटोवर असला की उजेड कमी झाल्यावर तो प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो, चित्र काळं पडू नये म्हणून. मग सेकंदाला ३० च्या जागी २८, २६, कधी त्याहूनही कमी फ्रेम येतात. आम्ही सुरुवात केली तेव्हा दारातनं चांगला उजेड येत होता. मग तोरण्यावरनं ढग खाली उतरला, घरात अंधारलं, फोन मंदावला. पुन्हा उघडलं, पुन्हा ३०. २४ मिनिटांची सरासरी निघाली २९.७५. मी तेव्हा वापरत होतो त्या ॲपनं सगळ्या फ्रेम सरळ ३० च्या हिशेबानं मांडल्या. गणित करा: २४ मिनिटांत ४२,८४० फ्रेम, भागिले ३०, म्हणजे १,४२८ सेकंद. खरे होते १,४४० सेकंद. बारा सेकंद चित्र आधीच संपलं! आजी तोंड मिटून बसलेली आणि ओवी चालू, ती यामुळं.

ही चूक ताणून सुधारत नाही, हे नीट लक्षात घ्या. मी चित्र १२ सेकंद ताणून बघितलं. सुरुवात जुळली, शेवट जुळला, मधलं सगळं चुकलं. कारण गाडी सगळीकडं सारखी हळू नव्हती, ढग आला तेव्हाच हळू झाली होती.

चौथा खड्डा मित्राच्या कॅमेऱ्यात निघाला. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या कार्डवर एका फाईलला ४ जीबीची मर्यादा असते. ती भरली की कॅमेरा गुपचूप दुसरी फाईल सुरू करतो. त्या कॅमेऱ्याच्या हिशेबानं ४ जीबी म्हणजे साधारण २२ मिनिटं. दोन्ही फायली मित्रानं नुसत्या ओढून पेन ड्राइव्हवर टाकल्या, मी एकापुढं एक लावल्या, आणि जोडावर सहा फ्रेम गायब. अशा वेळी पूर्ण कार्ड फोल्डरांसकट जसंच्या तसं कॉपी करायचं असतं, म्हणजे कंपनीचं किंवा चांगलं सॉफ्टवेअर दोन्ही फायली नीट सांधतं. पण पुढच्या लग्नासाठी कार्ड फॉरमॅट होऊन गेलं होतं. त्याची चूक नाही. मी सांगितलंच नव्हतं.

पाचवा आजार आपल्या कानातला

हा सगळ्यात लाजिरवाणा. मी पहिलं एडिट केलं ते ब्लूटूथ इअरबड घालून. ब्लूटूथवर आवाज कानात पोचायला वेळ लागतो, साध्या इअरबडवर दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज. व्हिडिओ बघण्याच्या ॲपमध्ये फोन ते सांभाळून घेतो, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. एडिटिंगच्या ॲपमध्ये ती खात्री नसते. म्हणजे जे जुळलेलं होतं तेही मला मागं वाटत होतं, आणि मी आवाज पुढं ओढत बसलो होतो. मामाच्या टीव्हीवर लावल्यावर आवाज ओठांच्या आधी!

आणि आवाज आधी येणं जास्त खुपतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या एका शिफारशीत याचे आकडे आहेत. आवाज चित्राच्या पुढं असेल तर साधारण ४५ मिलिसेकंदांनाच माणसाच्या लक्षात येतं, मागं असेल तर १२५ पर्यंत खपून जातं. कारण मागून येणाऱ्या आवाजाची आपल्याला सवय आहे. गुंजवणीच्या पलीकडच्या काठावर कुणी कपडे आपटत असेल तर आधी हात खाली आलेला दिसतो, मग आवाज येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरला पाव सेकंदाहून जास्त. उलटं मात्र आयुष्यात कधी होत नाही. आवाज आधी आणि हात नंतर, असं दिसलं की डोकं लगेच म्हणतं, हे खोटं आहे. आजी तेच म्हणाली होती.

यातनं अजून एक गोष्ट निघते. जत्रेत ढोल-लेझीम साठ मीटरवरनं शूट केलं तर फोनमधला आवाज मुळातच पाच फ्रेम मागं असतो. त्यात फोनचा दोष नाही. जवळ ठेवलेल्या रेकॉर्डरचा आवाज घ्या आणि चित्र ढोलाच्या काठीवर जुळवा.

मग मी कसं दुरुस्त केलं

आता कामाचं बोलू. याच क्रमानं करा, क्रम महत्त्वाचा आहे.

एक. वायरचे इअरफोन काढा. नसतील तर लॅपटॉपचा किंवा फोनचा स्पीकर चालेल. ब्लूटूथ बंद.

दोन. सगळ्यांकडनं ओरिजिनल फाईल मागवा. मामेभावानं मला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला होता. तसा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून नवा बनवतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर केबल लावा.

तीन. प्रत्येक फाईल तपासा. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात 'फ्रेम रेट मोड' ही ओळ बघा. 'कॉन्स्टंट' असेल तर ठीक, 'व्हेरिएबल' असेल तर तिसरी एसटी. फ्रेम रेट, आवाजाचा सॅम्पल रेट आणि एकूण वेळ कागदावर लिहून घ्या. मी वहीत लिहिलं: माझा फोन व्हेरिएबल, कॅमेरा २५ कॉन्स्टंट, मामेभावाचा फोन ३० कॉन्स्टंट, रेकॉर्डर ४४,१००. पाच मिनिटांचं काम, पण अर्धं निदान इथंच झालं.

चार. व्हेरिएबल फाईल आधी कॉन्स्टंट करून घ्या, एडिटिंगमध्ये टाकायच्या आधी. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर चालतं. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट ३० निवडा आणि खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' वर खूण करा. क्वालिटी जरा चढी ठेवा. हे सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमवरची खरी वेळ वाचतं आणि जिथं फ्रेम कमी आहेत तिथं आधीचीच फ्रेम पुन्हा भरतं. ढग आला होता त्या जागी भर पडते, उजेड होता तिथं नाही. माझा १२ सेकंदांचा घोळ या एका पायरीत गेला.

पाच. प्रोजेक्टचा फ्रेम रेट आधी ठरवा. दा विंची रिझॉल्व्ह वापरत असाल तर टाइमलाइनवर काम सुरू झाल्यावर तो बदलता येत नाही. मी २५ ठेवला.

सहा. आवाजाचा मालक एकच ठेवा. माझ्याकडं रेकॉर्डर. बाकी तिन्ही व्हिडिओंचा स्वतःचा आवाज फक्त खुणेसाठी. जुळवून झालं की तो बंद. चार आवाज एकत्र वाजवू नका, घुमल्यासारखं होतं.

सात. सुरुवात जुळवा. रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हफॉर्म बघून आपोआप जुळवायची सोय आहे, आधी ती वापरून बघा. माझ्याकडं ती नीट चालली नाही, कारण जात्याची घरघर सतत सारखी. वेव्हफॉर्म म्हणजे एक जाड पट्टा, डोंगर ना दरी. मग आजीच्या बांगड्या कामाला आल्या. खुंट्यावर हात बदलताना काचेच्या बांगड्या आपटायच्या आणि वेव्हफॉर्ममध्ये सुईसारखं टोक दिसायचं. चारही रेकॉर्डिंगमध्ये तेच टोक. ते एकाखाली एक लावलं.

आठ. आता लगेच शेवटाकडं जा. ही पायरी मी पहिल्या वेळी केलीच नव्हती. शेवटच्या बांगडीचं टोक बघा. जुळतंय? मग नुसता ऑफसेट होता, सुटलात. मामेभावाचा फोन असाच निघाला. जुळत नसेल तर मधलं एक टोक बघा. मध्ये निम्मा फरक असेल तर ड्रिफ्ट. एका जागेपर्यंत शून्य आणि तिथनं पुढं सारखाच फरक असेल तर जोडावरचा खड्डा. काहीच हिशेब लागत नसेल तर व्हेरिएबल अजून राहिलंय, चौथ्या पायरीवर परत.

नऊ. आता औषध. खड्ड्याला, जोडावर कापा आणि पुढचा भाग सरकवा. मी सहा फ्रेम सरकवल्या आणि ती मोकळी जागा माझ्या फोनच्या दृश्यानं झाकली. तीन कॅमेरे असण्याचा फायदा हाच. ड्रिफ्टला, थोडा असेल तर वेग बदलायच्या भानगडीत पडू नका. अठरा हजारांत एक एवढा बारीक आकडा बऱ्याच ॲपमध्ये टाकताच येत नाही. त्यापेक्षा शांत जागा शोधा. आजी एक ओवी संपली की श्वास घ्यायची, मूठभर नाचणी वैरायची. २४ मिनिटांत दोनच फ्रेमचा फरक, म्हणजे अशा दोन जागी कॅमेऱ्याचं चित्र कापून एकेक फ्रेम सरकवलं की झालं. गाण्याला हात लागत नाही.

दहा. शेवटची परीक्षा ओठांची. शाळेत शिकवलेले ओष्ठ्य वर्ण आठवतात? प, फ, ब, भ, म. हे म्हणताना ओठ मिटतातच. 'माय', 'बाई', 'भाऊ', 'पंढरी' असले शब्द ओव्यांत ठायी ठायी असतात. असा शब्द शोधा, फ्रेम फ्रेम पुढं जा. ओठ मिटलेले दिसले आणि उघडताना आवाज फुटला, तर जुळलं. ओठ उघडे असताना 'प' ऐकू आला, तर नाही.

पुढच्या वेळी ही वेळच येऊ नये म्हणून

भोरच्या राजवाड्यात सिनेमांची शूटिंग होतात. लहानपणी मित्राकडं गेलो की आम्ही बाहेर गर्दीत उभे राहून बघायचो. एक पोरगा पाटी घेऊन कॅमेऱ्यासमोर यायचा, फटकन वाजवायचा आणि पळायचा. आम्हाला वाटायचं ती ऐट आहे. खरं तर ती आवाज जुळवायची खूण. १९३१ च्या 'आलम आरा'त चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर नोंदवला होता, तिथं जुळवायचा प्रश्न कमी. पुढं कॅमेरा आणि आवाजाचं मशीन वेगळं ठेवायची पद्धत रुळली, तेव्हा पाटी आली. फळी मिटलेली चित्रात दिसते, 'फट्' आवाजात ऐकू येतो. ते दोन जुळवले की बाकीचं जुळतं.

तुमच्याकडं पाटी नसली तरी हात आहेत. सगळी यंत्रं सुरू झाल्यावर सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवा. गोंगाट असेल तर स्टीलच्या ताटावर चमचा. आणि शेवटी, कुणीही बंद करायच्या आधी, दुसरी टाळी. सुरुवातीची टाळी ऑफसेट सांगते, शेवटची टाळी ड्रिफ्ट सांगते. एकाच टाळीवर विसंबू नका.

बाकीचं थोडक्यात. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, मध्येच कॉल आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं. फ्रेम रेट लॉक करता येतो का बघा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'ऑटो एफपीएस' बंद करता येतं. अँड्रॉइडवर प्रो व्हिडिओ मोड किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप बघा. सगळ्यांना आधीच सांगा, २५ तर २५, आवाज ४८,०००. उजेडाची सोय करा. पावसाळ्यात घरात शूट करत असाल तर एक बल्ब जास्त लावा, फोन मंदावणार नाही. आणि कार्ड फॉरमॅट करायच्या आधी विचारा.

शेवटी

दुसरं एडिट व्हायला मला तीन रविवार लागले. त्यातले दोन कारण शोधण्यात गेले, दुरुस्ती एका दिवसात झाली.

गेल्या महिन्यात वेल्ह्याला गेलो. आजी पडवीत खाटेवर बसली होती. टीव्ही नको म्हटलं, लॅपटॉपच तिच्या समोर ठेवला. पूर्ण २४ मिनिटं ती हलली नाही. मध्ये एका ओवीला मामीला खूण करून जवळ बसवलं. संपल्यावर थोडा वेळ काही बोलली नाही. मग अडखळत म्हणाली, "व्हय... आता मीच हाय."

मामी म्हणाली, "आजून एकदा लाव रं. ती मधली मला शिकायचीय." मी ती ओवी वेगळी काढून तिच्या फोनवर टाकली. डॉक्युमेंट म्हणून.

तर मंडळी, तुमच्याही घरात कुणी गाणारं, सांगणारं असेल. आजा असेल, भजनातले बुवा असतील, गावची देवऋषीण असेल. येत्या रविवारी जा, दोन फोन लावा आणि दोन टाळ्या वाजवा, एक आधी, एक नंतर. पुढच्या भागात वाऱ्यात रेकॉर्डिंग कसं करायचं ते बघू. राजगडावर केलेला माझा एक प्रयत्न साफ फसलाय, तो ऐकवतो. तोवर काळजी घ्या. भेटू!